मुंबई ते न्यूयॉर्क : तिकिटावरचे तास आणि खरे तास

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. नात झाल्याबद्दल तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन! जानेवारीत जाताय हे फार छान केलंत.

तू विचारलंस, मुंबईहून पहाटे २ ला निघून सकाळी ७.३० ला न्यूयॉर्क, म्हणजे साडेपाच तासांत अमेरिका? नाही रे. दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. ते मिळवलेस की झाले सोळा तास. (मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं तासभर पुढे करतात, मग नोव्हेंबरपर्यंत फरक साडेनऊचा.) येताना उलट हिशेब: दुपारी १२ ला निघालात तर दुसऱ्या दिवशी १२.३० च्या सुमारास मुंबई. दिसायला चोवीस तासांहून जास्त, बसणं चौदाच तास.

जाताना सोळा आणि येताना चौदा, हे वाऱ्यामुळे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा जोरदार झोत वाहतो, आणि हिवाळ्यात त्याला फारच बळ येतं. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी.

अंतर साधारण १२,५०० किलोमीटर, पण नकाशावर पट्टी ठेवून मोजू नकोस. पट्टी अरबस्तान, उत्तर आफ्रिकेवरून जाईल. घरी पृथ्वीगोल असेल तर मुंबईवर दोरा अंगठ्यानं दाब आणि न्यूयॉर्कपर्यंत ताण. दोरा वर चढतो: कच्छ, पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, स्वीडन-नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाशी, आणि मग खाली. सर्वांत जवळची वाट तीच. मला हे अजूनही विलक्षण वाटतं. मात्र विमानाला ती वाट नेहमी मिळत नाही. एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय कंपन्यांना बंद झालं. रशियाचं २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना. मग वळसा आला, इंधन वाढलं, वेळ वाढला.

जानेवारीत आणखी एक गंमत अनुभवाल. पहाटे निघालेलं विमान रात्रीबरोबरच पश्चिमेला पळतं, त्यामुळे जवळजवळ सगळा प्रवास अंधारात होतो. उजाडतं ते उतरायच्या सुमारास. वहिनींना आधीच सांगून ठेव, नाहीतर "अजून रात्रच कशी?" म्हणून जीव घाबरायचा. समोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवा, आपण कुठे आहोत ते कळत राहतं.

आता महत्त्वाचं. तुझ्या साखरेच्या गोळ्या. त्या घड्याळ बघून घेऊ नकोस. घड्याळ मध्येच बदलणार आहे. डॉक्टरांना खरे तास सांग आणि कुठली गोळी किती तासांनी, ते त्यांच्याकडून कागदावर लिहून घे. औषधं हातातल्या बॅगेत. आणि प्रवास साताऱ्याच्या दारापासून धर: मुंबईपर्यंत पाच-सहा तास, विमानतळावर तीन-चार, उतरल्यावर इमिग्रेशनची रांग. म्हणजे दीड दिवसाची तयारी ठेव. म्हणूनच, महाग पडलं तरी थेट विमानच घे. मध्ये उतरून गेट शोधत धावणं तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही. दर दोन तासांनी उठून चाला, पाय सुजतात.

तिकीट काढलंस की त्याचा फोटो पाठव. मी तासांचा तक्ता मांडून देतो, तोच डॉक्टरांना दाखव.

वहिनींना नमस्कार, नातीला अनेक आशीर्वाद.

तुझा,
अरुण