माळवदाचा गारवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलाकडे ऑस्ट्रेलियात ॲडलेडला गेलो असताना तेथून उत्तरेला सुमारे ८५० किलोमीटरवर असलेले कूबर पेडी हे वाळवंटातील गाव पाहण्याचा योग आला. १९१५ मध्ये तेथे १४ वर्षांच्या विली हचिसनला ओपल हे मौल्यवान रत्न सापडले, आणि पुढे खाणीत राबणाऱ्यांनी उन्हापासून बचाव म्हणून टेकड्या पोखरून घरे केली. बाहेर पारा ४५ अंशांवर गेला तरी आत २५ अंशांच्या आसपासच गारवा राहतो. भिंतीवर यंत्राच्या दात्यांचे गोल चरे होते, त्यावरून हात फिरवताना मला जतमधील आमचे जुने माळवद, म्हणजे मातीचे सपाट छत, आणि त्याखालचा गारवा आठवला.

आमचे माळवद उतरवून आम्ही पत्रा घातला, आणि वैशाखात दुपारी त्या खोलीत माझ्या वृद्ध आईला बसवत नाही. जत, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतील घरकुलांसाठी जाड भिंती व मातीच्या छताचा एक नमुना शासनाने अभियंत्यांकडून तयार करून घ्यावा आणि पावसाळ्यात गळणार नाही अशी त्यात सुधारणा करावी, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, जत (जि. सांगली)