डेमो केबिनमध्ये नको, स्टोअरमध्ये द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी 22 वर्षं स्टोअर बघतोय. लहान कारखान्यांनी ईआरपी (खरेदी, स्टॉक, हिशोब सगळं एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर) घ्या असं आता सगळेच सांगतात, आणि मलाही ते हवंच आहे, रजिस्टर लिहून लिहून बोटं दुखतात. पण घेताना आम्हाला विचारतं कोण?

आमचे प्रेसचे ब्रॅकेट झिंक प्लेटिंगला (गंज लागू नये म्हणून जस्ताचा थर द्यायला) बाहेर जातात. प्लेटिंगवाल्याचा रेट किलोवर, म्हणून मालासोबतचं चलन किलोत, आणि कस्टमरला माल जातो नगावर. नव्या सॉफ्टवेअरमध्ये युनिट एकच ठेवलं, नग! आता संध्याकाळी टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, बारा गोण्या ब्रॅकेट मोजणार कोण? मग आम्ही 100 नग काट्यावर टाकायचो, कॅल्क्युलेटरवर हिशोब करून आकडा भरायचो. पण पिकलिंगमध्ये (प्लेटिंगआधी ॲसिडने गंज काढताना) वजन थोडं घटतं, झिंक चढलं की थोडं वाढतं, वर रिजेक्ट वेगळे, त्यामुळे गेलेला आणि आलेला आकडा कधी जुळलाच नाही.

हे नुसतं आकड्यांचं दुखणं नाही. जीएसटीच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला, म्हणजे प्लेटिंगसारखं काम करून घ्यायला बाहेर दिलेला कच्चा माल 1 वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्याच दिवशी सप्लाय केला असं धरून टॅक्स लागतो. मार्चमध्ये अकाउंट्सने लिस्ट काढली तर कितीतरी माल वर्षाच्या वर बाहेर दिसतोय आणि प्रत्यक्षात तो कधीच येऊन कस्टमरकडे गेलेला. तीन रात्री बसून आम्ही जुन्या रजिस्टरवरून एकेक चलन जुळवलं. ते रजिस्टर बंद करा असं सांगितलेलं, मी गुपचूप चालू ठेवलं होतं म्हणून निभावलं.

डेमो झाला मालकांच्या केबिनमध्ये, समोर अकाउंट्सची माणसं. स्टोअरमधलं किंवा गेटवरचं कुणीच नव्हतं. तक्रार केली की सॉफ्टवेअर कंपनीचं उत्तर ठरलेलं, "सिस्टममध्ये असंच आहे." शेवटी त्यांचाच एक मुलगा दोन दिवस माझ्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसला, दोन टेम्पो भरताना बघितले आणि किलो-नग दोन्ही युनिट, शिवाय रिजेक्टचा वेगळा रकाना करून दिला. हेच पहिल्या दिवशी झालं असतं तर?

पुढच्या महिन्यात डिस्पॅचचं मॉड्यूल चालू होतंय. त्याच्या मीटिंगला लोडिंगवाल्यांना पण बोलवा असं मी लेखी दिलंय, अजून उत्तर आलेलं नाही.

एक स्टोअर इन्चार्ज, भोसरी