आधी घरच्यांना विचारा तरी

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

हार्ट ट्रान्सप्लांटचे देशोदेशीचे आकडे बघितले की फार वाईट वाटतं. अमेरिकेत वर्षाला ४,००० च्या वर होतात, स्पेनमध्ये ३०० च्या वर, आणि स्पेनची लोकसंख्या आपल्या महाराष्ट्राच्या निम्मीपण नाही. आपल्या अख्ख्या देशात दोन-अडीचशे!

डॉक्टर कमी पडतात म्हणावं तर तसंही नाही, जगातलं पहिलं ऑपरेशन डिसेंबर १९६७ चं आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएमला डॉ. पी. के. सेन यांनी करून बघितलं होतं, पेशंट वाचला नाही पण हिंमत बघा, आणि १९९४ ला एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी यशस्वी केलं.

स्पेनचं सगळे सांगतात की तिथे कायद्यानेच प्रत्येक जण दाता. पण तो कायदा १९७९ चा, आणि घरच्यांना तिथेही विचारतातच. खरा फरक पडला १९८९ नंतर, हॉस्पिटलात आयसीयूतल्याच डॉक्टरांना समन्वयक नेमलं, कोण ब्रेन डेड होतोय (म्हणजे मेंदू कायमचा बंद, पण व्हेंटिलेटरवर हृदय चालू, अशांचंच हृदय देता येतं) ते बघायचं आणि घरच्यांशी शांतपणे बसून बोलायचं, हे त्यांचं काम.

आणि आमच्याकडे? गणपतीला, शिमग्याला मुंबई-गोवा हायवेवर काय होतं ते तुम्हीच छापता. डोक्याला मार, व्हेंटिलेटर, दोन दिवसांनी "आता काही उपयोग नाही, घरी न्या". आमच्या वाडीतला एक पोरगा असाच गेला. बाराव्यानंतर त्याची आई म्हणाली, त्याचं काही कुणाला देता आलं असतं काय हो? तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि लोक म्हणतात कोकणातली माणसं जुन्या विचारांची, देणार नाहीत.

हृदय बाहेर काढल्यावर साधारण ४ तासांत बसवावं लागतं, त्यामुळे रस्त्याने मुंबई जमणारच नाही, हेलिकॉप्टर नाहीतर विमान लागेल हे मान्य. पण ते नंतरचं झालं. अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सप्लांट न करणाऱ्या हॉस्पिटललासुद्धा नुसते अवयव काढण्यासाठी नोंदणी करता येते, तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज असताना तिथे ब्रेन डेथ तपासणारं डॉक्टरांचं पथक आणि एक शिकलेला समन्वयक चोवीस तास हवाच. आमदार-खासदारांना तुमच्या वार्ताहरांनी येत्या गणपतीआधी हे एकदा विचारावं, ही कळकळीची विनंती.

एक वाचक, देवरूख