रिकाम्या खुर्चीविषयी

पुणे,
३ ऑगस्ट २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेकाने एकेक पात्र होऊन गोष्ट रचायच्या त्या खेळाचा, डाव नाशिकला दर रविवारी न चुकता रंगतो हे वाचून हेवा वाटला. पण "आमचे दार सगळ्यांना उघडे आहे, तरी मुली येत नाहीत, एक आली, ती पुन्हा फिरकली नाही" या तुझ्या तक्रारीवर मात्र थोडे हसू आले. दहा वर्षांपूर्वी इथल्या एका दुकानातल्या डावात ती एकुलती एक मुलगी मी होते. मला कुऱ्हाड घेऊन लढणारी योद्धा व्हायचे होते; माझ्या हाती पात्राची माहिती आधीच भरलेला कागद, म्हणजे कॅरेक्टर शीट, आली, ती जखमा बऱ्या करणाऱ्या क्लेरिकची. वीस बाजूंचा फासा मी टाकला की वर आलेला आकडा मोठ्याने वाचून दाखवायला कोणीतरी तत्पर असे, जणू मला अंक येत नव्हते. कोणीही उद्धटपणे वागले नाही, आणि म्हणूनच घरी येऊन नेमके काय खटकले ते मला कोणाला सांगता आले नाही.

हा खेळ जन्मला तोच एका ठरावीक मंडळींच्या टेबलावर. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ छापला गेला, तेव्हा त्यांच्यासमोर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळणारे हौशी लोक होते, आणि ते बहुतेक पुरुष होते. समोर कोण बसले आहे ते नियमांत कसे उतरते याचा नमुना १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात आहे: मानवी पुरुष योद्ध्याची ताकद १८/०० पर्यंत (इथे ०० म्हणजे शंभर) जाऊ शके, स्त्री योद्धा मात्र १८/५० वर अडवलेली. ज्या जगात माणसे बोटांतून आग फेकतात, तिथे वास्तवाचा हा आग्रह फक्त बाईच्या दंडापुरता का आठवावा? १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा गेली. बायका तोवर दाराबाहेर ताटकळत होत्या असेही नाही. लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड १९७५ पासून खेळाडूंच्या लेखनाचे नियतकालिक चालवत होत्या, आणि तिथे नियमांचा कीस काढला जाई. त्या होत्याच, खेळ आपला प्रेक्षक म्हणून ज्याचे चित्र रंगवत होता, त्या चित्रात तेवढ्या नव्हत्या.

तुझा तो जुना गडी म्हणतो, की आता खेळ छापणारी कंपनी सगळ्यांना खूश करायला निघाली आहे. थोडे खरे आहे. २०१४ च्या पुस्तकात पात्राच्या लिंगाबद्दल मोकळीक देणारा परिच्छेद आला, २०२४ च्या पुस्तकात पात्र एल्फ आहे, ड्वार्फ आहे की माणूस हे सांगणारा 'रेस' हा शब्द जाऊन 'स्पीशीज' आला, आणि ज्यांना माल विकायचा आहे त्यांना जास्त गिऱ्हाइके हवीच असणार. तरीही हा शब्दबदल मला फुकाचा वाटत नाही, आणि त्याचे कारण मराठीत आहे. आमच्या गटासाठी मी कॅरेक्टर शीट मराठीत केली तेव्हा त्या रकान्यावर बिनदिक्कत 'जात' असे लिहिले, कारण 'एल्फ जातीचा' हे कानाला सरळ लागते. एका खेळाडूने पेन्सिल खाली ठेवली आणि शांतपणे म्हटले, "हा रकाना मी आयुष्यभर भरत आलोय. इथेही?" मला मान वर करवेना. 'कूळ' लिहावे तर तेही त्याच वाटेने जाणारे. 'प्रजाती' म्हणजे जीवशास्त्राचा तास. शेवटी रकान्यावर 'तू कोण?' एवढेच ठेवले. पेन्सिल खाली ठेवणाऱ्या त्या खेळाडूने लिहिले: 'ड्वार्फ, लोहार, कर्जबाजारी.'

२०२२ च्या एका साहससंग्रहात मूळच्या कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी बंगालच्या धर्तीवरचा एक नद्यांचा मुलूख रचला आहे. तो आम्ही खेळलो तेव्हा घाट, पूर, होड्या यांचे वर्णन मला वाचून दाखवावे लागले नाही. मंडळी आपणहून भर घालू लागली. एरवी सराय आणि किल्ले यांत गप्प बसणारी आमची एक मैत्रीण त्या दिवशी डीएमलाच, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्यालाच, पाण्याची ओढ कशी असते ते समजावत होती.

म्हणून तुझ्या प्रश्नाचे उत्तर दारात शोधू नकोस, टेबलावर शोध. एकीला बोलावू नकोस, दोघींना किंवा तिघींना बोलाव. एकटी मुलगी पाहुणी ठरते आणि पाहुण्यांना लोक नियम समजावत बसतात. शीट कोरी दे. पहिल्या दिवशी खेळू नका, कोणाला कथेत काय नको आहे ते बोलून घ्या, आणि मध्ये जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी सुचवलेले एक्स-कार्ड ठेवा: ज्याने त्या पत्त्याला हात लावला त्याला कारण न विचारता तो प्रसंग तिथेच सोडायचा. तुझ्या गटाला हे नाजूकपणाचे वाटेल. आमच्याकडे ते आजवर दोनदा वापरले गेले, आणि त्यातला एकदा मीच, गोष्टीतल्या आठ पायांच्या कोळ्यांमुळे.

पैशाचेही पाहा. तीन जाड पुस्तके विकत घेतल्याशिवाय बसायचे नाही, अशी समजूत तुमच्याकडे दिसते. खेळाचे नियम इतरांनी वापरण्याच्या परवान्यावरून खेळाडूंनी कंपनीला धारेवर धरले आणि जानेवारी २०२३ मध्ये मूलभूत नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली मोकळा झाला. श्रेय दिले की त्याचे मराठी करायलाही आडकाठी नाही. लढाईचा भाग मी केला आहे, मंत्रांचा अर्धा. 'सेव्हिंग थ्रो'ला, म्हणजे संकटातून वाचायला टाकायच्या फाशाला, अजून शब्द सापडलेला नाही. 'निभाव' कसा वाटतो ते कळव.

गणपतीनंतरच्या रविवारी मी नाशिकला येते आहे, धाकट्या बहिणीला घेऊन, म्हणजे दोघी झालो. तिला क्लेरिक व्हायचे असेल तर होऊ दे. माझ्यासाठी मात्र कुऱ्हाड राखून ठेव.

तुझी मैत्रीण