'एकदम फ्रेश' माकुल : अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

गेल्या महिन्यात माकुल (स्क्विड) साफ करताना आतड्यापाशी एक पांढरा, स्प्रिंगसारखा गुंडाळलेला दोरा दिसला. सुईने उचलला तर वळवळला. आईने तेवढा भाग काढून टाकला, बाकीचं तिरफळ घालून शिजवलं आणि आम्ही जेवलो. त्यामुळे माझी तक्रार त्या माकुलाबद्दल नाही. कोळणीबद्दल तर मुळीच नाही.

माणसाला त्रास देणाऱ्या अशा अळ्यांमध्ये 'अ‍ॅनिसाकिस'चं नाव पहिलं येतं. तिची अंडी देवमासे आणि डॉल्फिनच्या विष्ठेतून समुद्रात पडतात. तिथून झिंग्यासारख्या बारीक जीवांत, त्यांना खाणाऱ्या मासळीत आणि माकुलात ती पोहोचते. होडी कितीही धुतली तरी हे थांबणार नाही. मासळीची आतडी लवकर काढली तर अळी मांसात शिरण्याची शक्यता कमी होते, एवढंच काय ते बंदरावर करता येतं. खरा बंदोबस्त चुलीवर होतो. आतपर्यंत 60 अंशांना मिनिटभर शिजलं की अळी मरते, आणि आपल्या कोकणात कच्चं माकुल खातं कोण?

आता मात्र खातात. पुण्यातल्या एका हॉटेलात सुशीच्या ताटात कच्चं माकुल आलं, तेव्हा मी विचारलं, "हे किती दिवस फ्रीझ केलं होतं?" वेटरने जवळजवळ दुखावल्या आवाजात सांगितलं, "फ्रीझ? नाही मॅडम, एकदम फ्रेश आहे." बाजारात आपण ज्या शब्दासाठी चार पैसे जास्त मोजतो, तोच शब्द ऐकून मी ताट बाजूला सरकवलं.

नेदरलँड्समध्ये हेच झालं होतं. हेरिंग नावाची मासळी कच्ची, हलकी खारवून खाणाऱ्यांच्या पोटात असह्य कळा यायच्या. कारण ही अळी, हे 1960 मध्ये प्रसिद्ध झालं. तिथल्या सरकारने हेरिंगवर बंदी घातली नाही. 1968 मध्ये ते आधी गोठवून अळी मारण्याची सक्ती केली आणि रुग्ण झपाट्याने घटले. आज युरोपीय संघाचा नियम आहे : कच्ची खायची मासळी उणे 20 अंशांवर किमान 24 तास किंवा उणे 35 वर 15 तास. अमेरिकेत उणे 20 वर 7 दिवस सांगतात. लिंबू, व्हिनेगर, वसाबी यांना अळी दाद देत नाही. जपानमध्ये अशा रुग्णांची नोंद अन्नविषबाधेत होते आणि डॉक्टर दुर्बिणीतून अळी चिमट्याने ओढून काढतात. काहींना मेलेल्या अळीचीही अ‍ॅलर्जी होते, तिथे शिजवूनही उपयोग नसतो. म्हणून नुसतं 'शिजवून खा' म्हणून सोडून देऊ नये.

(जाता जाता : नर माकुलातल्या शुक्रपिशव्याही पांढऱ्या अळ्यांसारख्या दिसतात. अर्धकच्च्या माकुलातून त्या तोंडात रुतल्याची उदाहरणं जपान-कोरियात आहेत. म्हणजे दिसलेला प्रत्येक पांढरा दोरा अळी नसतो.)

आपल्याकडे मासळीत अळी दिसल्याचा एखादा व्हिडिओ फिरला की भुर्दंड कोळणीला. 2018 मध्ये मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन वापरल्याच्या बातम्यांनंतर गोव्याने बाहेरून येणारी मासळीच काही दिवस बंद केली होती. तसं नको. कच्ची मासळी वाढणारी हॉटेलं तपासा. तिथल्या फ्रीझरचं तापमान आणि मासळी कधी आत ठेवली, कधी काढली याची वही मागा. घरच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा उणे 20 पर्यंत जाईलच असं नाही, हेही सुशी घरी करणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं. आणि आरोग्य खात्याशी बोलून एक कराल का? रात्री अचानक पोट धरून आलेल्या रुग्णाला डॉक्टरांनी एक प्रश्न जास्त विचारावा : कच्ची मासळी खाल्लीत का?

त्या हॉटेलातल्या वेटरचा यात दोष नाही. त्याला 'फ्रेश' म्हणायलाच शिकवलंय. पुढच्या वेळी त्याने तारीख सांगावी, एवढी व्यवस्था करा.

आपली,
माकुल खाणारी एक ग्राहक, पुणे