कॅमेरामन कुठे उभा आहे?

कोथरूड, पुणे

प्रिय सुहास,

तुझ्या खोट्या रिअॅलिटी शोची संहिता वाचली. रिडेव्हलपमेंटमध्ये एक फ्लॅट जास्तीचा निघतो, चिठ्ठ्या टाकून सहा सभासद निवडतात, शेवटी जिवंत उरेल त्याला तो फ्लॅट. कल्पना झकास. पण तू ती सिनेमासारखी लिहिलीस, आणि घोडं तिथेच अडलंय.

पान ९ वर लेलेकाकू दार आतून लावून एकट्याच रडतात. हा शॉट घेतला कोणी? आत कॅमेरामन असेल तर काकू एकट्या नाहीत, आणि त्याने त्यांना साधं पाणीही विचारलेलं नाही! तुझा सगळा उपहास या प्रश्नात आहे. म्हणून प्रत्येक शॉटच्या समासात लिही: कॅमेरा खांद्यावरचा, भिंतीवरचा की लिफ्टमधला सीसीटीव्ही. उत्तर नसेल तो शॉट काट. दोघं समोरासमोर बोलतायत आणि आलटून पालटून दोघांचे क्लोजअप, हे तर नकोच. खरे दोन कॅमेरे एकमेकांना दिसतील. एकदा मुद्दाम दिसू दे.

डॅनिअल मिनाहनचा 'सिरीज ७: द कंटेंडर्स' (२००१) पुन्हा बघ. अख्खा चित्रपट म्हणजे स्पर्धकांनी एकमेकांना मारायच्या एका टीव्ही कार्यक्रमाचे सलग लावलेले भाग, तोही डिजिटल व्हिडिओवर. आठ महिन्यांची गरोदर स्पर्धक डॉन दुकानात शिरते, एकाला गोळी घालते आणि गल्ल्यावरच्या माणसाला विचारते, बीन डिप आहे का? हसू येतं ते त्या प्रश्नाला, गोळीला नाही. शेवटी तर घडलेला प्रसंग भलत्याच नटांकडून करवून दाखवतात. ही युक्ती तुझ्या गच्चीवरच्या मारामारीला चपखल बसेल. स्टंट तसाही तुला परवडणार नाही.

निवेदकाला तू खलनायक केलंस, ते मला पटलं नाही. 'द रनिंग मॅन' या जीवघेण्या टीव्ही-खेळावरच्या चित्रपटात (१९८७) निवेदक झालेला रिचर्ड डॉसन 'फॅमिली फ्यूड' या अमेरिकी टीव्ही-खेळाचा खराखुरा सूत्रसंचालक होता. त्याआधी १९७० च्या 'दास मिलिओनेनश्पील' या जर्मन टीव्हीपटातही निवेदक झालेला डीटर थॉमस हेक हा टीव्हीवरचा ओळखीचाच चेहरा. सात दिवस मारेकऱ्यांना चुकवा, दहा लाख मार्क घ्या, असा खेळ. आणि काही प्रेक्षकांनी तो खरा समजून चक्क भाग घ्यायची तयारी कळवली. तेव्हा नट शोधूच नकोस. हळदीकुंकवात 'खेळ पैठणीचा' घेणारा एखादा गाठ. 'वहिनी, नाव घ्या' ज्या लाडिक आवाजात म्हणतो, त्याच आवाजात 'वहिनी, कोयता घ्या' म्हणू दे.

मुलाखतीच्या तुकड्यांत स्पर्धकाने लेन्सकडे बघू नये, शेजारी बसलेल्या निर्मात्याकडे बघावं. प्रश्न कापला जाणार, म्हणून तो उत्तरात यायला हवा: 'जोशींचा राग येतो का म्हणाल, तर...' मग संकलनात लबाडी कर. 'मी जोशींना मारीन असं स्वप्नातही वाटत नाही' यातलं 'मी जोशींना मारीन' एवढंच ठेव, आणि 'मारीन'वर जोशींच्या चेहऱ्याचा शॉट टाक, म्हणजे बोलणाऱ्याचे हलणारे ओठ झाकले जातील. मात्र मूळ वाक्य प्रेक्षकाने आधी पुरतं ऐकलेलं हवं, नाहीतर चोरी कळणारच नाही. पंख्याची घरघर मध्येच तुटली की जोड उघडा पडतो, म्हणून त्याच खोलीत अर्धा मिनिट कोणीही न बोलता नुसता आवाज रेकॉर्ड कर आणि तो खाली पसर. 'रनिंग मॅन'चा सगळा डाव याच कात्रीवर आहे: जमावावर गोळ्या झाडायला नकार देणाऱ्या वैमानिकालाच फुटेज कापून कसाई ठरवतात.

कॉलर माइकचा ट्रान्समीटर कमरेला मागे लागतो, धावताना पदर घासून खरखर होते. एरवी ती काढतात, तू ठेव. आणि सभासद मेला की साउंडवाल्याने येऊन माइक सोडवावा, बॅटरी बघावी आणि पुढच्याला लावावा.

रक्त कमीच वापर. वाटीभर लिक्विड ग्लुकोज, पाव वाटी पाणी, चमचाभर खायचा लाल रंग, चिमूटभर कोको. कोको विसरलास तर रक्ताऐवजी गुलाबाचं सरबत दिसेल. डाग निघत नाहीत, कपडे दोन जोड ठेव. कोयता रबराचा असला तरी पुण्यात हल्ली रस्त्यावर तो दिसला की लोक ११२ फिरवतात, तेव्हा पोलीस ठाण्यात आधी लेखी कळव. आणि एक ते चारच्या झोपेचा विनोद काढून टाक, बाबा. त्याला आता पेन्शन मिळायला हवं.

खेळाचे नियम मात्र फार रंगवू नकोस. 'स्क्विड गेम' या नेटफ्लिक्सवरच्या कोरियन मालिकेत (२०२१) ४५६ कर्जबाजारी माणसं मरायला उभी राहतात. २०२३ मध्ये त्याच नेटफ्लिक्सने ४५६ खरे स्पर्धक घेऊन ४५ लाख ६० हजार डॉलरच्या बक्षिसाचा तोच खेळ केला. बाद झालेल्याच्या छातीवर शाई फुटायची आणि तो मेल्यासारखा पडायचा. खेळ इतका देखणा होता की लोकांना तो खेळावासा वाटला. तुझ्या खेळात अर्ज, पावत्या, नाहरकत दाखला आणि कोरमअभावी तहकूब झालेली सभा भर. तो कोणी विकत घेणार नाही.

एकच मृत्यू तीनदा दाखव: ब्रेकआधी, ब्रेकनंतर, आणि पुढच्या भागाच्या उजळणीत संथ गतीने. तिसऱ्या वेळी कंटाळा आला पाहिजे.

निवेदकाच्या तारखा आत्ताच धर. संक्रांत ते रथसप्तमी ही मंडळी हाती लागत नाहीत.

तुझा,
मंदार