बंबावर निघालेल्या मुलीस

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, इथल्या फायर कंपनीत मी व्हॉलंटियर म्हणून नाव दिलंय," आणि मी तुला नको ते बोलले. चांगली नोकरी सोडून बिनपगारी आगीत शिरायला कोणी सांगितलंय, असंही म्हणाले. दोन दिवस त्याचं वाईट वाटत राहिलं. फोनवर मला सलग बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

"कंपनी" म्हटल्यावर मला तो कुणाचा तरी धंदाच वाटला होता. मग वाचत बसले, तेव्हा कळलं की गावातल्याच माणसांनी मिळून आग विझवायला काढलेलं ते मंडळ. तुझ्या गावापासून फिलाडेल्फिया तासाभरावर, आणि ही सगळी रीत तिथेच रुजली. १७३० साली तिथल्या धक्क्यावर मोठी आग लागून दुकानं-घरं जळाली. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा तरुण छापखानेवाला होता. ४ फेब्रुवारी १७३५ला त्याने स्वतःच्याच वर्तमानपत्रात एका वृद्ध नागरिकाच्या नावाने पत्र छापलं. त्यात तो सांगतो, फावड्यात निखारे घेऊन या खोलीतून त्या खोलीत किंवा जिन्यावरून जाऊ नका. ठिणगी फटीत पडली तर मध्यरात्रीपर्यंत कळत नाही, आणि मग पेटलेला जिना सोडून खिडकीतून उडी मारायची वेळ येते. हे वाचताना मला माझी आजी आठवली. शेजारच्या चुलीतला विस्तव ती फुटक्या खापरात आणायची, वर राख पसरून, आणि आम्हा पोरांना हातभर लांब उभं करायची. तिला कुठलं वर्तमानपत्र! पण विस्तवाची भीती सगळीकडे सारखीच.

पुढच्या वर्षी, ७ डिसेंबर १७३६ला, युनियन फायर कंपनी निघाली. तिच्या करारनाम्यातली कलमं मी तीनदा वाचली. प्रत्येकाने चामड्याच्या बादल्या आणि जाड कापडाच्या पिशव्या स्वतःच्या खर्चाने घरी तयार ठेवायच्या, त्यांवर आपली खूण घालायची. बादल्या पाण्यासाठी आणि पिशव्या जळत्या घरातलं सामान बाहेर काढायला. काहींनी पाण्याकडे धावायचं, काहींनी दारात उभं राहायचं, कारण गर्दीत चोऱ्या होत. रात्री आगीची हाक आली की प्रत्येक सभासदाच्या घराच्या खिडकीत दिवे लागले पाहिजेत. धावणाऱ्या माणसाला वाट दिसावी म्हणून! म्हणजे घरी राहिलेल्यांनाही काम होतं, मुक्ता. या कलमापाशी मी खूप वेळ थांबले.

महिन्यातून एकदा बैठक, गैरहजर राहिलं तर दंड, आणि त्या दंडातून बंब, शिड्या, लोखंडी आकडे घ्यायचे. सभासद तीसच्या आसपास ठेवले, आणि आणखी कुणी यायचं म्हटलं की त्याला सांगायचे, तुम्ही तुमची वेगळी काढा. त्यामुळे गल्लोगल्ली कंपन्या झाल्या. मागच्या वेळी आम्ही आलो होतो तेव्हा तुमच्या बंबखान्यात पैसे जमवायला पॅनकेकची न्याहारी होती, आठवतं? बाबा म्हणाले होते, ही तर आपली वर्गणीच. खरंच तसंच आहे ते.

पण याच शहरातलं दुसरंही लिहिते, कारण तुला ते ठाऊक असायला हवं. १८१८ साली तिथल्या कृष्णवर्णीयांनी स्वतःची फायर कंपनी काढली, तर गोऱ्या कंपन्यांनी विरोध केला आणि ती मोडली. १८३८च्या मे महिन्यात गुलामगिरीविरोधी लोकांनी बांधलेला पेनसिल्व्हेनिया हॉल उघडून चार दिवसही नीट झाले नव्हते, तोच जमावाने तो पेटवला. बंब आले. बंबवाल्यांनी पाणी मारलं ते आजूबाजूच्या इमारतींवर, हॉलवर नाही. हॉल जळून गेला. ज्यांनी बादल्यांवर नाव घालून शपथा घेतल्या त्यांचेच हे वारस. मला ते वाचून फार लागलं. पुढे कंपन्या आपसांतही मारामाऱ्या करू लागल्या, आणि १८७१ साली शहराने पगारी अग्निशमन दल उभं केलं. लहान गावांत मात्र तुझ्यासारखीच माणसं राहिली. पेनसिल्व्हेनियातल्या बहुतेक फायर कंपन्या आजही व्हॉलंटियरच चालवतात.

आपल्याकडचं तू लहानपणी आजोबांकडून ऐकलं आहेस. १४ एप्रिल १९४४, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट. आजोबा नऊ वर्षांचे होते, गिरगावातल्या चाळीत भांडी फळीवरून खाली आली. जहाजातल्या कापसाला लागलेली आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात गेले. ते पगारी होते, तू बिनपगारी. तुम्ही शिरता ती आग मात्र एकच. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. मी घाबरले आहे, हे तुला कळावं म्हणून सांगते. जा म्हणायला मला दोन दिवस लागले. आता म्हणते, जा.

प्रशिक्षण पुरं झाल्याशिवाय आत शिरू नकोस. हातमोजे ओले असतील तर तसे घालू नकोस. वरिष्ठ मागे ये म्हणाले की मागे ये, मग आत काहीही राहिलेलं असो. आणि घर कुणाचं आहे हे कधीही विचारू नकोस.

तुमच्याकडे मध्यरात्री पेजर वाजेल तेव्हा आमच्याकडे दिवस असेल, मी जागीच असेन. निघताना "जाते" लिहू नकोस. "येते" एवढा एक शब्द टाक. परतलीस की "आले".

तुझी,
आई